राहून गेलेला हसरा शॉट

टीव्हीवरचं प्रेत श्वास घेत होतं. हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. पण सासरच्या टीव्हीतल्या चुका काढण्याइतकी मी अजून रुळले नव्हते, म्हणून गप्प बसले.

शनिवारची रात्र होती, अकराचा सुमार. सासू-सासरे केव्हाच झोपले होते. बाहेरच्या खोलीत दिवा मालवून आम्ही पाचजण बसलो होतो: हे, धाकटे दीर, नणंद, मी, आणि दोन दिवसांसाठी आलेले मोठे काका, म्हणजे माझे चुलतसासरे. सिनेमा टीव्हीसाठीच काढलेला, खून, तपास आणि जाहिराती एका बैठकीत उरकणारा. वाळवंटातलं लहानसं गाव, एकच रस्ता, एक बंद पडलेला पेट्रोल पंप आणि पंपामागच्या वाळूत पडलेला माणूस. इन्स्पेक्टरने गॉगल काढला, प्रेताकडे पाहिलं, गॉगल परत लावला. एवढ्यात त्याला बरंच काही कळलं असावं.

"हा श्वास घेतोय," मोठे काका म्हणाले.

"कोण?" दिरांनी विचारलं.

"मेलेला. पोट बघ त्याचं."

सगळ्यांनी पोट बघितलं. त्यानंतर खून कोणी केला याचं कोणालाच काही वाटेना.

"काका, तुमच्यासोबत सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा आहे," नणंद म्हणाली.

"अगं, जन्म गेला त्यात. लोक पडद्याकडे बघायचे, मी दिव्याकडे."

काकांनी आयुष्यभर टीव्हीच्या शूटिंगला दिवे लावले. आता घरी असतात, पण डोळे अजून उन्हातून आल्यासारखे बारीक. बोलतातही तसेच, जडशीळ पेटी एकट्याने उचलायची असल्यासारखे, मध्ये खाली ठेवून.

"आमच्याकडचा मयत असा श्वास घ्यायचा नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बंद कर ते. तोंडावर उजेड येतो."

दिरांनी टीव्ही बंद केला. खोली अचानक मोठी वाटायला लागली.

"मयत म्हणजे कोण?" ह्यांनी विचारलं.

"सांगतो. पण गोष्ट माझी नाही, आमच्या मेकअपवाल्याची आहे. आणि तो खोटं बोलणारा नाही. आळशी आहे. खोटं बोलायला जी मेहनत लागते ती त्याला झेपत नाही."

पुढचं सगळं काकांच्या तोंडचं. मधले आवाज आमचे.

चार-पाच वर्षं झाली असतील. गुरुवारची रात्र, चंद्र नव्हता. मेकअपवाला लॉजच्या मालकाची स्कूटर मागून घेऊन निघाला, कारण त्याची ब्रशांची गुंडाळी पंपावर राहिली होती. सकाळी उजाडायच्या आत हिरॉइनचं तोंड रंगवायचं होतं. ब्रश नाहीत म्हटल्यावर तिने त्याचंच रंगवलं असतं. म्हणून निघाला. बाकी काही नाही.

आता मयत कोण, ते ऐका.

मयत हा आमच्यातला प्रेताची कामं करणारा माणूस. साठीकडे झुकलेला, हडकुळा. बुडालेला, जळालेला, विष प्यायलेला, जिन्यावरून ढकललेला, सगळं करून झालेलं. एकदा पडला की पडला. नाकावर माशी फिरली तरी पापणी हलायची नाही. आणि चेहरा असा, की कुठेतरी बघितलाय असं वाटावं, पण आठवू नये. त्यामुळे एकाच चॅनलवर सोमवारी मरायचा, गुरुवारी परत मरायचा, कोणाच्या लक्षात यायचं नाही.

"बिचारा," नणंद म्हणाली.

"बिचारा कसला. हिरोपेक्षा जास्त काम होतं त्याला. हिरो एकदाच लागतो, प्रेतं दर भागाला."

तर त्याला सगळे मयतच म्हणायचे. मयत, चहा घे. मयत, गाडीत बस. मयत, तुझी बायको काय म्हणते. तो हसायचा. कधी चिडला नाही. थकलेला असायचा, पण चिडला नाही.

आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. मेलेल्याचा शॉट झाला की लगेच कॅमेरा थांबवायचा नाही. त्या माणसाला हाक मारायची. सिनेमातल्या नावाने नाही, त्याच्या स्वतःच्या, आईबापाने ठेवलेल्या. हाक मारली की त्याने उठून बसायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढं घ्यायचं आणि मग कट म्हणायचं. ह्याला हसरा शॉट म्हणतात. सिनेमात तो लागत नाही. कुठेच लागत नाही.

"मग घ्यायचा कशाला?" दीर.

"माणूस परत आला याची पोच म्हणून."

काकांनी पाय वर घेतले.

ही हाक मारायचं काम आमच्या जुन्या असिस्टंटचं. त्याला सगळ्यांची पूर्ण नावं तोंडपाठ. पण त्या वेळी तो कमरेने अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या जागी एक नवा पोरगा आला होता. हुशार होता, धावायचा खूप. एवढंच, की ही पद्धत त्याला कोणी सांगितली नव्हती. सांगायची असते हेच कोणाला सुचलं नाही. आपण घरात बूट काढून या असं पाहुण्याला सांगत नाही, तसं.

त्या दिवशी आमच्यात जीवच उरला नव्हता. चॅनलला सिनेमा घाईने हवा होता. दिवसा ऊन, रात्री जागरण. मी दिव्याच्या स्टँडला टेकून उभ्या उभ्या झोपलो होतो, दिवा माझ्यापेक्षा जागा होता. मयत दुपारपासून वाळूत. कपाळावर डावीकडे गोळीची जखम, मेकअपवाल्याने स्वतः बनवलेली. मधे मी त्याला पाणी द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू दे रे. उठवू नका मधे मधे. पडून बरं वाटतंय."

संध्याकाळी शेवटचा शॉट. लांबून घेतलेला. पोलिसांची जीप निघून जाते, प्रेत मागे राहतं, सूर्य बुडतो. जीप गेली. सूर्य बुडाला. आणि तेवढ्यात वारा सुटला. वारा म्हणजे, डोळ्यांसमोर धरलेला हात दिसू नये एवढी वाळू. कोणीतरी ओरडलं, पॅक अप. छत्र्या उडाल्या. कॅमेऱ्यावर ताडपत्री टाकली. दिवे उचलले. कट कोणी म्हणालं का, हे नंतर सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. कोणालाच आठवेना.

गाड्या दोन होत्या. आमच्या गाडीतल्यांना वाटलं मयत त्या गाडीत बसला. त्या गाडीतल्यांना वाटलं आमच्या.

"अहो काका," नणंद हळूच म्हणाली.

"हो ना," काका म्हणाले.

लॉजवर मेकअपवाला आणि मयत एका खोलीत असायचे. मयताची खाट रिकामी होती. मेकअपवाल्याला वाटलं, ड्रायव्हरांच्या खोलीत पत्ते खेळत बसला असेल, रोजचंच होतं ते. जेवला, आडवा झाला, आणि मग ब्रशांची आठवण झाली. तर तो निघाला.

रस्ता सरळ. चुकायला वळणच नाही. वारा पडला होता. गाव संपलं, शेवटचा दिवा संपला, मग फक्त स्कूटरचा उजेड आणि पुढे पळणारा डांबराचा तुकडा. तो सांगतो, की मला भीती वगैरे काही वाटली नाही, झोप येत होती. स्वतःला जागं ठेवायला हिरॉइनला शिव्या देत होतो.

पंपावर पोहोचला. ब्रश लगेच सापडले, तेलाच्या बंद खोलीच्या पायरीवर, त्याने ठेवले होते तिथेच. गुंडाळी झटकली, काखेत मारली. निघायला वळला आणि स्कूटरचा उजेड पंपाच्या मागे फिरला.

वाळूत माणूस पडला होता.

पहिल्यांदा काय वाटलं असेल त्याला? पुतळा. कलाविभागवाले पुतळा विसरलेत. उद्या बोंब मारतील. असं म्हणत तो आणखी चार पावलं पुढे गेला. मग आठवलं. आमच्याकडे पुतळा नव्हता. पुतळ्याला बजेट नव्हतं. म्हणून तर मयत होता.

त्याने मोबाइलची बॅटरी लावली.

मयत. दुपारी होता तसाच. एक हात पोटावर, एक लांब. तोंड आभाळाकडे. वाऱ्याने आणलेली वाळू कमरेपर्यंत चढलेली, पांघरूण घातल्यासारखी. डोळे उघडे.

डोळ्यांत वाळू होती.

"ए मयत," मेकअपवाला म्हणाला. "ऊठ. काय येडा झालास का."

काही नाही.

खांदा हलवला. खांदा हलला, माणूस नाही हलला. नाकापाशी हात धरला. काही लागेना. छातीला कान लावला… तो सांगतो, की आत काहीतरी होतं, पण ती धडधड नव्हती. लांबून येणाऱ्या गाडीसारखं काहीतरी. आली आली वाटतं… आणि येत नाही.

हात गार. पण मेलेल्याचा गार नाही. वाट बघणाऱ्याचा गार.

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"मला काय माहीत. तो असंच म्हणतो. मी विचारलं तर म्हणतो, तुला कळायचं नाही, तू दिवे लावतोस."

त्याने मॅनेजरला फोन लावला. उचलला नाही. नव्या पोराला लावला, बंद. मला लावला होता म्हणतो. मी झोपलो होतो.

मग तो तिथेच वाळूत बसला. आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. हसरा शॉट राहिला. ह्याला कोणी उठवलंच नाही. हाक मारली की हा उठतो, नाहीतर पडून राहतो, ही त्याची सवय. मग आता हाक मारायची. एवढंच तर आहे.

तोंड उघडलं त्याने. आणि नाव आठवेना.

आठवेना म्हणजे, माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत झोपला होता, ह्याला कुठल्या कुशीवर झोप लागते ते माहीत, चहात साखर किती ते माहीत. नाव नाही. फोनमध्येसुद्धा काय होतं? मयत. त्याखाली, मयत घर.

इथे काका थांबले. मला उगाच मोजावंसं वाटलं, की सकाळपासून या घरात मला सूनबाई, वहिनी, अगं, आणि शेजारणीशी बोलताना 'आमची ही' अशा चार हाका आल्या होत्या. नावाने शेवटची हाक आईने मारली होती, फोनवर, परवा. वाईट वाटलं असं नाही. नुसतं लक्षात आलं.

"मग?" दीर म्हणाले.

मग त्याने 'मयत घर'ला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे बॅटरीचा उजेड मयतावरून हलू नये. बायकोचा नंबर. मागे कधीतरी नवऱ्याचा फोन लागेना म्हणून तिने ह्याला केला होता. तिला घाबरवायचं नाही, असं ठरवलं त्याने. काहीतरी थाप मारायची आणि नाव काढून घ्यायचं. त्याचं घर तिथून रात्रभराच्या प्रवासावर, तोही गाडी वेळेवर आली तर.

तिने लगेच उचलला. जागीच होती.

"वहिनी, मी मेकअपवाला बोलतोय. झोपमोड केली का?"

"नाही हो. आता कुठली झोप. बोला."

"काही नाही, एक विचारायचं होतं."

"त्यांनाच देऊ का फोन?"

मेकअपवाल्याला वाटलं, रेंज नीट नाही.

"कोणाला?"

"ह्यांना. आत्ताच आलेत."

…

पंखा फिरत होता, त्याची एक पाती कुठेतरी घासते, ती आम्हाला सगळ्यांना ऐकू आली.

"आले म्हणजे?" मेकअपवाल्याने विचारलं. समोर मयत. वाळूत. बॅटरीच्या उजेडात.

"आले म्हणजे आले. बेल वाजली, मी दार उघडलं. बोलले काहीच नाहीत. आत येऊन आडवे झाले. किती राबवता हो तुम्ही त्यांना. अंगात नुसती वाळू आहे. आणि रंगाचं तोंड तसंच. जखम पण तशीच. मी म्हटलं, पुसून तरी झोपा…"

"वहिनी."

"…तर ऐकतच नाहीत. मीच पुसतेय आता. साबणाचं पाणी केलं. थांबा, कपाळ होऊ दे, मग देते फोन."

मेकअपवाला सांगतो, की तेव्हा मी मयताकडे बघत होतो. बघायचं नव्हतं. पण बॅटरी माझ्याच हातात होती.

कपाळावर एक रेघ उमटली. ओली.

डावीकडून… उजवीकडे. फडकं फिरावं तशी. आणि रंग हलला. त्याने स्वतः लावलेला रंग, घामाने न जाणारा, पाण्याने न जाणारा. हलला. विरघळला. कानाकडे ओघळला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

"वहिनी. हात थांबवा."

"का हो?"

"थांबवा म्हणतो ना. पुसू नका."

रेघ थांबली. अर्ध्या कपाळावर.

नणंद कधीच माझ्या जवळ सरकली होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो तिथे कसा आला हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मेकअपवाल्याला एक समजलं. कसं समजलं, त्याला सांगता येत नाही. ह्याला उठवायचं तर आत्ता. ती तिकडे त्याची सेवा करतेय. तोंड पुसेल, पांघरूण घालेल, दिवा मालवेल. मग तिकडचाच राहील. नावाची हाक आधी तिकडे ऐकली, तर तिकडेच उठेल. आणि इकडे वाळू आहेच, गळ्यापर्यंत यायला तिला किती वेळ लागतो.

"वहिनी, त्यांचं नाव काय?"

"कोणाचं?"

"ह्यांचं. तुमच्या मिस्टरांचं."

ती हसली. थकलेलं, झोपेतलं हसू. "असं काय करता. रोज एका खोलीत झोपता आणि नाव माहीत नाही?"

"मी चेष्टा करत नाही."

"थांबा, त्यांनाच विचा…"

"नाही. त्यांच्यासमोर नाव घेऊ नका. उठा. त्या खोलीतून बाहेर या. दुसऱ्या खोलीत जाऊन सांगा."

आता तिला काहीतरी कळायला लागलं होतं. पूर्ण नाही. पण बायकांना अर्धं कळलं तरी पुरतं.

तिच्या पावलांचा आवाज आला. मग तिच्या मागे… खाट वाजली.

"अहो, तुम्ही नका उठू," ती मागे वळून म्हणाली. "मी आलेच."

आणि इकडे मयताची छाती… खाली बसली. हळूहळू. हवा काढून घ्यावी तशी.

"वहिनी, ते काय करतायत?"

"उठून बसलेत."

"…"

"माझ्याकडे बघतायत."

"दार ओढून घ्या."

"असं काय बघतायत हे…"

"दार ओढा. नाव सांगा."

दार लागल्याचा आवाज. मग तिचा श्वास. मग काहीच नाही. मेकअपवाल्याला वाटलं, फोन गेला. तर ती म्हणाली, अगदी हळू, की मी त्यांचं नाव कधी घेतलंच नाही हो. अहो म्हणते. मुलं बाबा म्हणतात. सासूबाई होत्या, त्या घ्यायच्या… त्यांना जाऊन किती वर्षं झाली.

"घ्या आता."

दाराला आतून हात लागला. तिकडच्या दाराला. थापटल्यासारखा… मग पुन्हा.

तिने नाव सांगितलं.

"काय नाव होतं?" दिरांनी विचारलं.

"ते मी रात्रीचं सांगत नाही," काका म्हणाले.

मेकअपवाला उठून उभा राहिला आणि त्याने हाक मारली. घशात धूळ होती, आवाजच फुटेना. पुन्हा मारली. आडनावासकट, बापाच्या नावासकट. सगळं वाळवंट गप्प. एवढ्या मोठ्या जागेत हाक कुठेच आपटत नाही, परत येत नाही. गेली की गेली.

तिसऱ्यांदा हाक मारताना तो रडत होता. ते त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

मग…

खालून आवाज आला.

"कट झालं?"

मयताने डोळे मिटले. चोळले. वाळूतून उठून बसला. अंग झटकलं. इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाकीचे कुठे गेले?"

"हस," मेकअपवाला म्हणाला.

"आता?"

"हस म्हणतो ना."

मयत हसला. अंधारात, अर्ध्या पुसलेल्या कपाळाने, कॅमेरा नसताना. दात काढून, पोटातून, चांगला हसला. मग हसू संपलं आणि तो म्हणाला, "उठवलंस कशाला रे. किती दिवसांनी अशी झोप लागली होती."

फोन चालूच होता. तिकडून बायको हाका मारत होती. अहो, अहो. मग दार उघडल्याचा आवाज. मग ती म्हणाली, कोणालाच नाही, स्वतःशीच… "कुठे गेले?" मग, "बाहेरच्या दाराची कडी तर आतून आहे."

मेकअपवाल्याने फोन मयताच्या हातात दिला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अगं, मी आहे. इकडेच आहे, शूटिंगला. तुला स्वप्न पडलं असेल. झोप आता."

मग तिने विचारलं, "जेवलात का?"

"जेवतो," तो म्हणाला.

दोघं स्कूटरवरून परत आले. मयत मागे बसला होता. मेकअपवाला रस्ताभर त्याला नावाने हाका मारत होता आणि तो दर वेळी म्हणत होता, "आहे रे बाबा, आहे."

काकांनी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. रिकामं होतं. मी उठून भरून आणायला हवं होतं. स्वयंपाकघरात अंधार होता. मी उठले नाही, आणि मला कोणी सांगितलंही नाही.

"संपली?" नणंदेने विचारलं.

"गोष्ट संपली. हे त्याने सांगितलेलं. पुढचं मी स्वतः बघितलंय, तेवढं सांगतो आणि झोपतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे परत पंपावर. तोच सीन जवळून घ्यायचा होता. त्या पोराने मयताला आदल्या दिवशीच्या खुणेवर झोपायला सांगितलं. मयत आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "इथे ओलं आहे."

बघितलं तर खरंच. बाकी वाळू पापडासारखी कोरडी, आणि डोकं ठेवायच्या जागी एक ओला गोल. डोक्याएवढाच. कोणी पाणी सांडलं म्हणून दिग्दर्शकाने आरडाओरडा केला. कलाविभागवाल्याने वरून कोरडी वाळू टाकली. आम्ही दिवे लावेपर्यंत ती ओली झाली होती. फावड्याने खणून काढलं, तर खालीही ओलं. आणखी खाली, तरी ओलं. ऊन असं, की चहाचा कप हातात तापायचा. दुपार झाली. जागा वाळेना. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, मरू दे, बाजूला झोपवा त्याला. फ्रेम बदलली.

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी मी दिव्याची केबल गुंडाळत गुंडाळत तिथपर्यंत गेलो. एकटाच होतो. वाकलो. हात लावला.

काका आपल्या तळहाताकडे बघत होते. अंधारात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

"कोमट होती," ते म्हणाले. "आणि हाताला साबणाचा वास आला."